उलटा बंब

मला वाफेची भीती वाटते. जन्मभर मोटारी दुरुस्त केलेल्या माणसाने असं लिहावं हे शोभत नाही, पण खरं ते खरं. आजही घरात कुकरची शिट्टी झाली की माझं तोंड आपोआप बाजूला होतं. सूनबाई हसते. म्हणते, "बाबा, कुकर आहे तो, गाडी नाही." मी म्हणतो, वाफेला काय माहीत ती कशातून निघते आहे ते.

ही भीती मला माझ्या उस्तादांनी दिली आणि मी ती जपून ठेवली. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळत नव्हतं तेव्हा ते कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या बसवर होते. एकदा चढावर बस उकळली. उतारू ओरडायला लागले, कुणी घड्याळ दाखवायला लागला, कुणी पैसे परत मागायला लागला. उस्तादांनी घाईघाईने रेडिएटरचं झाकण फिरवलं. त्यानंतर त्यांच्या डाव्या कानाचा आकार कधी कानासारखा राहिला नाही. मला कामावर घेतलं त्या दिवशी त्यांनी पाने-पकडी दाखवल्या नाहीत, तो कान दाखवला. म्हणाले, "देख भास्कर, इंजिन तापलं ना, तर पहले हात खिशात घालायचे. बाकीचं मग शिकवतो."

वाचकांपैकी पुष्कळांना मोटार म्हणजे किल्ली फिरवली की चालणारी वस्तू वाटते, म्हणून थोडं समजावून सांगतो. इंजिनाच्या पोटात सतत जाळ चाललेला असतो. त्या जाळाभोवती पाणी खेळवलेलं असतं. ते पाणी उष्णता उचलून पुढच्या जाळीत येतं, बारीक नळ्यांतून खाली उतरताना वाऱ्याने निवतं आणि पुन्हा इंजिनाकडे जातं. ही जाळी म्हणजे रेडिएटर. आमच्या आईला मी सांगितलं होतं की आपल्या न्हाणीतला बंब आहे ना, तसाच हा, फक्त उलटा. बंबात पाणी गरम व्हावं म्हणून जाळ घालतात, इथे जाळ आवरावा म्हणून पाणी घालतात. बंबासारखी याला खाली एक तोटीही असते, पाणी काढून टाकायला. आई म्हणाली, "मग गरम पाणी वाया घालवता होय रे?" त्या वेळी मी हसलो होतो.

मी गॅरेजवाला नव्हतो. आमच्या बऱ्हाणपूर गावात मोटारी होत्याच किती? कापसाचे जिनवाले, दोन-चार व्यापारी, सरकारी साहेब, बहादरपूरकडचे मोठे केळीवाले. गाडी बिघडली की बोलावणं यायचं आणि मी पिशवी घेऊन त्यांच्या घरी जायचो. अंगणात गाडी, ओसरीवर घरची मंडळी आणि मधे मी. सगळ्यांदेखत काम करायचं, त्यामुळे सल्ले फुकट मिळायचे.

गाडी तापते या एकाच तक्रारीची माझ्याकडे इतकी कारणं जमली की विचारू नका. एका जिनवाल्यांची गाडी दर हिवाळ्यात तापायची आणि पावसाळ्यात गुमान चालायची. त्यांना वाटे कुणीतरी काही केलं आहे. लिंबं बांधून झाली. मी जाळी उघडून पाहिली तर आत रुईचा जाड थर. हंगामात जिनाच्या आवारात कापसाचे तंतू हवेत तरंगत असत आणि गाडी ते सगळे नाकाने ओढून घेई. एका व्यापाऱ्याच्या बायकोने दसऱ्याला पूजा केली ती इतकी मनापासून की झेंडूची माळ जाळीच्या आतल्या बाजूने गुंडाळली, म्हणजे पडायला नको. गाडी रेणुकामातेच्या देवळापर्यंत पोहोचली नाही. माळ काढायला मी हात घातला तर बाई म्हणाल्या, "मिस्त्री, ती माळ काढायची नाही, अपशकुन होतो." शेवटी माळ काढली नाही, मागच्या काचेपाशी नेऊन लावली.

अशा गोष्टी सांगताना मजा वाटते. पण मला सांगायची आहे ती डॉक्टरीणबाईंच्या गाडीची गोष्ट, आणि त्यात मजा फार थोडी आहे.

संस्थानं विलीन होत होती ते दिवस. आम्ही बऱ्हाणपूरवाले आधीपासून इंग्रजी अमलातले, आमच्यावर राजा नव्हता. पण आसपासच्या लहानसहान संस्थानांचा पसारा विकायला निघाला होता आणि त्यातल्या काही मोटारी आमच्या गावात आल्या. डॉक्टरीणबाईंनी अशीच एक लहान विलायती गाडी घेतली. दारावरचं राजचिन्ह खरवडून काढलेलं, तरी उन्हात त्याची कडा दिसायची. ही गाडी संस्थानात मिरवणुकीपुरती बाहेर निघे, बाकी वर्षभर पागेत उभी. पाणी आतल्या आत मुरलेलं. पहिल्या दिवशी तिचा आवाज ऐकूनच मी बॉनेट उघडलं.

बाई नागपूरकडच्या. तिशीच्या, सडपातळ, गाडी स्वतः चालवायच्या. गावाने आधी तोंडात बोट घातलं, मग बायकांनी हळूच बोलावणं धाडायला सुरुवात केली. खेड्यापाड्यांतल्या अडलेल्या बाळंतिणींकडे जाणारी दुसरी डॉक्टरीण नव्हती. आणि गाडी तर शेजारच्या जसोंडीपर्यंत गेली तरी उकळायची.

या गाडीत माझा जीव अडकला होता. माझी धाकटी बहीण सुमन तापीपलीकडे तुकईथडला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे झालं आणि मूल गेलं. सुमन कशीबशी वाचली. म्हणून दुसऱ्या वेळेला तिच्या सासूबाईंनी माहेरी पाठवायला साफ नकार दिला. "तुमच्याकडे पाहून झालं, आता आमच्याकडे होऊ द्या," असं त्या म्हणाल्या. तुकईथडला सुईण होती, दवाखाना नव्हता. मी बाईंना गळ घातली. बाई म्हणाल्या, "भास्करराव, मी कधीही निघीन. तुमची ही महाराणी निघते का तेवढं बघा."

मी बघायला लागलो. पंख्याचा पट्टा बदलला. जाळीतला कचरा काढला. पाण्यात बुडबुडे येतात का पाहिलं, कारण ते आले असते तर इंजिनाचं डोकंच उघडावं लागलं असतं. तसं काही नव्हतं. तरी बाईंच्या अंगणात इंजिन थोडा वेळ चालवलं की झाकणाच्या कडेने वाफ फुरफुरायला लागायची आणि मी दोन पावलं मागे सरायचो. सुमनचे दिवस भरत आले होते. रात्री अंथरुणावर पडलं की मला रस्त्यात उभी राहिलेली गाडी दिसायची.

मग उस्तादांनी शिकवलेली शेवटची परीक्षा केली. इंजिन चालू ठेवायचं आणि जाळीवर तळहात फिरवायचा, वैद्य पोट चाचपतो तसा. वर हात भाजत होता, पण खाली मधोमध जाळी गार. म्हणजे तिथे पाणी पोहोचतच नव्हतं. नळ्या बुजलेल्या. कशाने, ते मात्र कळेना. खालची तोटी उघडावी म्हटलं तर ती जाम. तीत काहीतरी दगडासारखं बसलं होतं. तार घालून, ठोकून, तेल सोडून ती मोकळी केली तेव्हा पांढरी भुकटी हातावर पडली.

मी ती भुकटी घेऊन ओसरीवर बसलो. बाई सुया उकळायचं भांडं घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं आणि भांडं माझ्यापुढे तिरपं केलं. आत तसाच पांढरा थर.

"आपण गाडीत पाणी कुठलं घालतो?" त्यांनी विचारलं.

"भंडाऱ्याचं. दुसरं कुठलं घालणार?"

बऱ्हाणपूरच्या माणसाला याहून वेगळं उत्तर सुचणार नाही. जमिनीखालच्या जुन्या पाटातून, विहिरींसारख्या कुंड्याकुंड्यांनी येणारं आमचं भंडाऱ्याचं पाणी, काचेसारखं स्वच्छ, गोड. पाहुणा आला की आधी तेच देणार. गाडी ही तर पाहुण्यांतली पाहुणी. तापीचं गढूळ पाणी तिला कोण पाजणार? मीही तेच घालत आलो होतो, उस्तादही. त्या पाण्यात चुना असतो हे सगळ्या गावाला ठाऊक, घरोघरचे बंब सांगतात. पण इंजिन हाही बंबच आहे हे मी आईला समजावून सांगितलं आणि स्वतः विसरलो.

"हे भांडं मी चिंचेने घासते," बाई म्हणाल्या. "नळ्यांत हात जाणार नाही. पण चिंचेचं पाणी जाईल ना?"

मी घाबरलो. मोटारीत चिंच घातलेली मी ऐकली नव्हती. उस्तादांना विचारलं. ते कान चोळत म्हणाले, "चुना निघेल. लेकिन भास्कर, कुठे कुठे चुन्यानेच भोक बंद ठेवलं असेल. वो भी खुलेगा."

हीच गोम होती. थर राहिला तर गाडी उकळणार, थर काढला तर गळण्याची भीती. दोन्हीकडे सुमन. मी चिंच निवडली. बाईंच्या स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात ती भिजवली, धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळली, इंजिनात भरली, ते मंद चालवलं, तोटीतून काढली. काय रंगाचं पाणी निघालं म्हणता! पुन्हा भरली, पुन्हा काढली, मग तापीचं पाणी निवळून आतून धुऊन घेतलं. जाळीवर तळहात फिरवला तर सगळीकडे सारखी ऊब. बहादरपूरपर्यंत नेऊन आणली. उकळली नाही. बाईंनी टाळी वाजवली. मी खाली वाकून ठिबकतंय का ते पाहत राहिलो. एकही थेंब नव्हता, आणि तरी मला बरं वाटेना.

दुसऱ्याच दिवशी सकाळी कापसाची लॉरी घेऊन आलेल्या ड्रायव्हरने दाजींचा, म्हणजे सुमनच्या नवऱ्याचा निरोप आणला. रात्रीपासून कळा आहेत, सुईण म्हणते लक्षण बरं नाही. लॉरी खाली व्हायला संध्याकाळ झाली असती. बाईंनी बॅग उचलली. चालवायला मी बसलो. मागे पाण्याचा डबा आणि पोतं टाकलं आणि देवाचं नाव घेतलं.

तापी ओलांडली. खकनारच्या वाटेला लागलो. गाडी सुरेख चालली होती. तापमानाचा काटा संस्थानातच मेलेला, म्हणून मी नाकाने आणि कानाने गाडी चालवत होतो. चढ सुरू झाला आणि मला वास आला. तापलेल्या लोखंडावर पाणी पडल्याचा वास. मग बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ.

पळसाखाली गाडी उभी करून इंजिन बंद केलं. खाली वाकलो. जाळीच्या खालच्या कोपऱ्यातून बारीक धार. उस्ताद म्हणाले होते तेच झालं होतं.

बाई उतरल्या. "पाणी आहे ना मागे? घाला की."

"नाही बाई."

"नाही म्हणजे?"

"आत्ता गार पाणी घातलं तर इंजिनाला तडा जाईल. झाकणही उघडता येणार नाही. निवू द्यावं लागेल."

"किती वेळ?"

मी डबा गाडीच्या सावलीत ठेवला. बाई रस्त्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "मी चालत निघते." मी म्हटलं, "बाई, उन्हात पोहोचाल तेव्हा तुमच्या अंगात उभं राहायचं त्राण नसेल. बसा." त्या बसल्या. पण एवढं बोलून मी स्वतः मात्र झाकणापाशी गेलो होतो. हातात पोतं होतं. एक अर्धा फेरा, एवढंच. पलीकडे सुमन ओरडत असेल, आणि मी इथे पळसाखाली उभा राहून लोखंड निवायची वाट पाहतोय! बसमधले उतारू उस्तादांना काय ओरडले असतील ते मला त्या वेळी ऐकू येत होतं. आमच्या धंद्यात सगळ्यात अवघड काम हेच आहे, काही न करणं. मी हात खिशात घातले.

बाईंनी बॅग उघडली. "गळती बाहेरून बांधता येईल?"

त्यांच्याकडे कार्बोलिकचा साबण होता, चिकटपट्टी होती. वाट पाहता पाहता मी साबण मळून भोकात ठासला, वर पट्टीचे वेढे दिले. बाई पट्टी फाडून देत होत्या. त्यांची बोटं माझ्यापेक्षा स्थिर होती. मग केव्हातरी जाळीला हात लागू शकला, पोतं टाकून झाकण हळूहळू सैल केलं, ते फुसफुसलं आणि शांत झालं. पाणी थोडं थोडं ओतलं. गाडी निघाली, आणि तुकईथडच्या वेशीपर्यंत मी मनात एकच म्हणत होतो की साबण टिकू दे.

घरासमोर सगळे उभे होते. बाई आत गेल्या. दाजी माझ्याकडे बघेनात. सुमनच्या सासूबाईंना मी मावशी म्हणत असे. त्या दारात आल्या, म्हणाल्या, "उशीर केला रे भाऊ," आणि पुन्हा आत गेल्या. मी गाडीपाशीच उभा राहिलो. आत जायचं धैर्य नव्हतं.

सुमनचं कण्हणं ऐकू येत होतं. मग तेही थांबलं. मी वाट पाहिली. मूल रडायचा आवाज येईना. पहिल्या वेळीही असंच झालं होतं, आमच्या घरी, याच शांततेत मी अंगणात उभा होतो.

बाई बाहेर आल्या त्या धावतच. "मुलगी आहे. श्वास आहे, पण बारकी आहे आणि गार पडते आहे. तिला शेकायला हवं. गरम पाणी हवं मला, पुष्कळ, आत्ता."

"चुलीवरचं सारं सुमनलेच लागून राहिलं," मावशी मागून म्हणाल्या. "दुसरं ठेवलं, पण तापाले टाइम लागंल."

माझ्या डोक्यात काय आलं ते मी ठरवून आणलं नव्हतं. मी गाडीखाली हात घातला आणि तोटी चाचपली. बाईंना कळलं. त्यांनी आतून बॅगेतली शेकायची रबरी पिशवी आणून माझ्याकडे फेकली. "प्यायला नको आहे. भरा."

तोटी फिरवली. कढत पाणी आलं. पिशवी भरली, दाजींनी आणलेले दोन तांबे भरले. बाईंनी ते फडक्यांत गुंडाळून आत नेले आणि जाता जाता म्हणाल्या, "अजून लागेल. हे निवेल."

आता गाडीत पाणी थोडंच उरलं होतं आणि तेही कोमट होत चाललेलं. मी इंजिन चालू केलं. डब्यात उरलेलं पाणी वरून बारीक धारेने ओतलं. मग मागचं पोतं घेऊन जाळीवर झाकलं, वारा लागू नये म्हणून. जन्मभर ज्याला शिव्या दिल्या ते मी स्वतःच्या हाताने करत होतो, गाडी मुद्दाम तापवत होतो. पंखा घुरघुरत होता, साबणाची पट्टी ओली व्हायला लागली होती. मला ओरडून विचारावंसं वाटलं आणि विचारलंही. "बाई, गाडी फुटली तर सुमनला दवाखान्यात कसं न्यायचं?"

आतून आवाज आला, "सुमन माझ्याकडे आहे. तुम्ही पाणी द्या."

मी पाणी दिलं. तडा जाऊ नये म्हणून वरून गार बारीक धारेने ओतायचं, पोत्याआड तापवायचं, खालून काढायचं. मावशी विहिरीवरून घागरी आणत होत्या, दाजी तांबे आत-बाहेर करत होते. झाकणाच्या कडेने वाफ फुरफुरत होती, तोंडावर येत होती, आणि मी मागे सरलो नाही. शूर झालो होतो असं नाही. त्याहून मोठी भीती आत खाटेवर होती.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. दाजी तांबे घेऊन आत गेले ते लवकर बाहेरच येईनात. मी तोटीवर हात ठेवून बसलो होतो. आणि मग आतून एक आवाज आला, मांजराच्या पिलासारखा, चिडलेला. थांबला. पुन्हा आला, या वेळी चांगलाच मोठा.

बाई दारात आल्या. पदराने कपाळ पुसलं. "दोघी ठीक आहेत. बंद करा तुमची महाराणी."

मी इंजिन बंद केलं आणि पायरीवर बसलो. रडू आलं, ते आलं. मावशी भरलेली घागर घेऊन आल्या, माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. बॉनेटवर हात ठेवायला गेल्या आणि चटकन मागे घेतला.

"लय तापली रे भाऊ. हिलेबी पाणी देऊ का?"

"आत्ता नको, मावशी. निवू द्या तिला."

त्यांनी घागर खाली ठेवली आणि माझ्या शेजारी बसल्या. आत पोरगी गळा काढून रडत होती.

"काहून एवढी रडते?" मावशी म्हणाल्या.

"रडू द्या," मी म्हटलं. "आपल्याला घाई नाही."